निघालेला हात थांबायला किती वेळ लागतो?

पडद्यावर डावा बाण दिसला की डावं बटण दाबायचं, उजवा दिसला की उजवं. मात्र बाणामागोमाग बीप वाजली तर काहीच दाबायचं नाही. ‘स्टॉप-सिग्नल’ चाचणी एवढीच असते. सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि चुकीची घ्यायची शंभर प्रकारे सोय आहे.

खरी अडचण अशी की थांबणं जमलं तर नोंदवायला काही उरतच नाही. बटण दाबलं तर त्याची वेळ संगणक लिहून ठेवतो. न दाबल्याची वेळ कोण लिहिणार? म्हणून थांबायला लागणारा वेळ थेट मोजता येत नाही, तो इतर आकड्यांवरून काढावा लागतो. काढलेल्या आकड्याची किंमत तो काढताना धरलेल्या गृहीतकांएवढीच असते. शोधनिबंधात ‘अमुक गटाचा थांबण्याचा वेळ तीस मिलिसेकंदांनी जास्त’ असं वाचलं की आधी हा हिशेब कसा केलाय ते बघावं. पुष्कळदा ते तीस मिलिसेकंद हिशेबातच सापडतात.

हिशेबाची बैठक १९८४ साली गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या मानसशास्त्रज्ञांनी घालून दिली. त्यांनी मांडली ती दोन प्रक्रियांची शर्यत. बाण दिसताच ‘दाब’ ही प्रक्रिया धावू लागते आणि बीप वाजताच ‘थांब’ ही दुसरी. जी आधी संपेल तिचं चालतं. ‘दाब’ला लागणारा वेळ दर खेपेला बदलतो, कधी ३५० मिलिसेकंद तर कधी ६००. बीप बाणानंतर १०० मिलिसेकंदांनी वाजली तर बोट आवरणं सोपं जातं, ३५० मिलिसेकंदांनी वाजली तर बहुतेक वेळा बोट खाली गेलेलं असतं. बाण आणि बीप यांच्यातलं हे अंतर म्हणजे एसएसडी (स्टॉप-सिग्नल डिले). बीप वाजल्यापासून ‘थांब’ पूर्ण व्हायला लागणारा वेळ म्हणजे एसएसआरटी (स्टॉप-सिग्नल रिॲक्शन टाइम). निरोगी तरुण माणसांत हा दुसरा आकडा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. लहान मुलांत तो जास्त असतो, वाढत्या वयाबरोबर कमी होतो आणि म्हातारपणी पुन्हा वाढतो.

संगणक नसतानाही लोक याच्या जवळ पोचले होते. १९६० साली स्लेटर-हॅमेल यांनी सेकंदाला एक फेरी मारणारा काटा वापरला. काटा ८०० मिलिसेकंदांच्या खुणेवर आला की बरोबर त्याच क्षणी बोट उचलायचं. अधूनमधून काटा खुणेआधीच थांबवला जाई, आणि तसं झालं तर बोट उचलायचं नाही. काटा खुणेच्या बराच आधी थांबला तर कुणालाही जमे. खुणेला साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिलिसेकंद उरलेले असताना थांबला की निम्म्या वेळा बोट उचललं जाई. काटा थांबलेला डोळ्यांना दिसतोय, तरी बोट वर जातंच.

मांडणी

आता व्यवहाराचं. बाण दाखवण्याची एक खेप म्हणजे एक ट्रायल. चारात एक ट्रायल बीपची, म्हणजे २५ टक्के. प्रमाण याहून वाढवलं की माणूस बीपची वाट पाहत बसतो. फार घटवलं तर बीपचे ट्रायल पुरेसे जमत नाहीत. प्रत्येक माणसाचा आकडा काढायचा असेल तर बीपचे किमान ५० ट्रायल हवेत. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली त्यांतही हाच आकडा आहे. माझ्या मते ५० ही तळाची पायरी धरावी आणि शक्य असेल तिथे ८० घ्यावेत, म्हणजे एकूण ३२० ट्रायल, ८०-८० चे चार भाग करून. मध्ये मिनिटभर विश्रांती.

एक ट्रायल अशी जाते: आधी मधोमध एक ठिपका, २५० ते ५०० मिलिसेकंद. मग बाण. बाण दिसल्यापासून उत्तराला १२५० ते १५०० मिलिसेकंदांची मुदत. बीप छोटी आणि स्वच्छ, ७५० हर्ट्झची, ७५ मिलिसेकंद पुरते. बीपचे ट्रायल यादृच्छिक क्रमाने पेरायचे. दर चौथ्या ट्रायलला बीप असा क्रम ठेवला तर लोक विसाव्या ट्रायलपर्यंत तो ओळखतात.

एसएसडी स्थिर ठेवायचा नाही. सुरुवात २०० किंवा २५० मिलिसेकंदांपासून. थांबणं जमलं की पुढच्या बीपच्या ट्रायलला एसएसडी ५० ने वाढवायचा, म्हणजे काम अवघड होतं. चुकलं की ५० ने कमी. असं वरखाली करत गेलं की माणूस निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा चुकतो अशा जागी गाडी स्थिरावते, आणि हिशेब तिथेच सर्वांत भरवशाचा येतो. पायरी ५० चीच का? त्यात एक सोयही आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ५० म्हणजे बरोबर तीन फ्रेम. थांबायचा संकेत पडद्यावरच दाखवणार असाल, समजा बाणाचा रंग बदलून, तर ४० किंवा ६० ची पायरी फ्रेममध्ये बसत नाही. लिहिलेला एसएसडी वेगळा आणि दिसलेला वेगळा, असं होतं.

हिशेब

एका कल्पित माणसाचे आकडे घेऊ. बीप नसलेले २४० ट्रायल, बीपचे ८०. ८० पैकी ४२ वेळा थांबता आलं नाही. चुकण्याचं प्रमाण ४२ भागिले ८०, म्हणजे ०.५२५. सरासरी एसएसडी २३८ मिलिसेकंद.

आता बीप नसलेल्या सगळ्या ट्रायलचे प्रतिक्रियाकाळ लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायचे. डावं-उजवं चुकलेलेही त्यात ठेवायचे, ते वगळायचे नाहीत, कारण शर्यतीत तेही धावतच होते. ज्या ट्रायलला उत्तरच आलं नाही, समजा असे चार आहेत, तिथे त्या माणसाचा सर्वांत जास्त प्रतिक्रियाकाळ भरायचा. मग २४० गुणिले ०.५२५, म्हणजे १२६. ओळीतला १२६ वा आकडा उचलायचा. समजा तो ४६२ आहे. ४६२ वजा २३८, एसएसआरटी २२४ मिलिसेकंद.

यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. बीपनंतर ५२.५ टक्के वेळा ‘दाब’ जिंकली, याचा अर्थ सर्वांत जलद ५२.५ टक्के प्रतिसाद ‘थांब’च्या आधी संपले. म्हणजे ‘थांब’ संपली ती वेळ म्हणजे ४६२. ती सुरू झाली २३८ ला. उरलेलं अंतर तिचं.

जुनी आणि अजूनही दिसणारी पळवाट म्हणजे सरासरी प्रतिक्रियाकाळातून सरासरी एसएसडी वजा करणं. याच माणसाचा सरासरी प्रतिक्रियाकाळ ४८९ असेल तर उत्तर येतं २५१. माणूस तोच, बोटं तीच, आणि फरक २७ मिलिसेकंदांचा. प्रतिक्रियाकाळाचा आलेख उजवीकडे लांबट शेपटीचा असतो, थोडे फार सावकाश ट्रायल सरासरीला ओढून नेतात, आणि तो ताण थांबण्याच्या खात्यावर चढतो. ज्या गटात लक्ष भरकटून अधूनमधून अतिसावकाश उत्तरं येतात त्या गटाचं थांबणं यामुळे कागदावर आपोआप मंद दिसतं. लक्षाच्या अडचणी असलेल्या मुलांवरच्या अभ्यासात ही चूक विशेष महागात पडते, कारण तिथे नेमकी शेपटीच लांब असते.

एसएसआरटी काढायच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात, नंतर नव्हे. बीप वाजूनही दाबलं गेलं अशा ट्रायलचा सरासरी प्रतिक्रियाकाळ साध्या ट्रायलच्या सरासरीपेक्षा कमी असायला हवा. शर्यत खरी असेल तर थांबण्यातून निसटतात ते जलद प्रतिसाद. उलट दिसलं तर त्या माणसाचा एसएसआरटी काढूच नये, कारण मूळ गृहीतकच तिथे मोडलेलं असतं. आणि चुकण्याचं प्रमाण ०.२५ ते ०.७५ च्या बाहेर गेलं असेल तर वरखाली करणारी पायरी त्या माणसाला पकडूच शकलेली नाही, तो आकडाही बाजूला ठेवावा.

वाट पाहणारी माणसं

सर्वांत जास्त बिघाड इथे होतो. चूक कुणालाच आवडत नाही. दहा-बारा बीपनंतर माणसाच्या लक्षात येतं की जरा दम धरला की थांबणं जमतं. तो बाण पाहून क्षणभर थबकतो. संगणक एसएसडी वाढवतो. माणूस आणखी थबकतो. चौथ्या भागापर्यंत प्रतिक्रियाकाळ ४५० वरून ८०० वर गेलेला असतो आणि एसएसडी ५०० च्या पुढे. अशी सतत सरकणारी आकडेवारी वरच्या हिशेबात घातली तर एसएसआरटी खऱ्यापेक्षा कमी निघतो. मंद झालेला माणूस थांबण्यात तरबेज ठरतो.

यावरचा उपाय बराचसा तोंडी आहे. सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं: बीपची वाट पाहू नका. तुम्ही जितकं थांबाल तितकी बीप उशिरा वाजेल. निम्म्या वेळा चुकणारच, चाचणी तशीच बनवलेली आहे. एवढं सांगूनही भागत नाही. प्रत्येक भाग संपला की पडद्यावर सरासरी प्रतिक्रियाकाळ दाखवायचा, आणि तो सरावातल्या आकड्यापेक्षा बराच वाढला असेल तर ‘जलद करा’ असं सांगायचं. सराव आधी बीपशिवाय घ्यावा आणि मग बीपसह, म्हणजे तुलनेला आधारभूत वेग हाताशी राहतो.

हे थबकणं निव्वळ कटकट आहे असं मात्र नाही. खऱ्या जगात माणूस नेमकं हेच करतो. कोपऱ्यावरून मूल धावत येईलसं वाटलं की पाय आधीच ब्रेककडे वळतो. थांबावं लागेल या अंदाजाने हालचाल आधीच सैल ठेवणं हा नियंत्रणाचा वेगळा प्रकार आहे आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास होतो. एसएसआरटीत तो मिसळला की दोन्ही मोजमापं वाया जातात, एवढंच.

यंत्रांचे उशीर

ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. हे ठळक अक्षरात भिंतीवर लावावं अशी गोष्ट आहे. आवाज कानात पोचायला १०० मिलिसेकंद उशीर झाला तर एसएसआरटी बरोबर तेवढाच फुगतो, कारण संगणक बीप वाजवल्याची वेळ धरतो आणि माणूस ती ऐकल्यावर थांबायला लागतो. कीबोर्डचा उशीरही तसाच जमा होतो. गंमत अशी की बाण दिसायला झालेला उशीर एसएसआरटीत उतरत नाही. तो प्रतिक्रियाकाळात वाढ करतो, पण बाण उशिरा दिसल्यामुळे बीपपर्यंतचं खरं अंतर तेवढंच घटतं आणि वजाबाकीत दोन्ही कटतात. म्हणून वेळेची काटेकोर तपासणी करायची तर आधी थांबण्याच्या संकेताची करावी. पडद्याजवळ प्रकाश-संवेदक, कानाजवळ मायक्रोफोन आणि दोन्ही एकाच रेकॉर्डरवर. अर्ध्या तासाचं काम आहे.

संकेत कोणता निवडलाय यानेही आकडा हलतो. आवाजाला थांबणं सहसा दृश्य संकेतापेक्षा जलद असतं, आणि आवाज व प्रकाश एकदम दिले तर आणखी थोडं जलद. अस्पष्ट संकेताला वेळ जास्त लागतो. तेव्हा एका अभ्यासातले बीपवरचे आकडे दुसऱ्यातल्या रंगबदलाच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आवाज मोठा केला की थांबणं सुधारेल असं समजून बीप कानठळ्या बसवणारी करू नये. दचकवणारा आवाज तयारीत असलेली हालचाल कधीकधी उलट सोडवून देतो.

शरीरात काय होतं

बटण दाबलं गेलं नाही म्हणजे स्नायू शांत होता असं नाही. बोट हलवणाऱ्या स्नायूवर इएमजीचे, म्हणजे स्नायूतली वीज मोजणारे, इलेक्ट्रोड लावले की यशस्वी थांबण्याच्या काही ट्रायलमध्येही विजेची लहानशी उसळी दिसते. सुरू होते, वर चढते आणि बटण दाबण्याइतका जोर यायच्या आत कोसळते. ही उसळी संकेतानंतर साधारण १६० मिलिसेकंदांच्या सुमारास उतरणीला लागते. एसएसआरटी मात्र २०० च्या वर येतो. मधला काळ बराचसा स्नायूतल्या विजेचं रूपांतर प्रत्यक्ष जोरात व्हायला लागतो. हिशेबाने काढलेल्या आकड्याला ट्रायलमागे एक प्रत्यक्ष पुरावा मिळतो तो इथेच, आणि ज्याला इएमजीची सोय आहे त्याने ती जरूर वापरावी.

मेंदूतली वाट सांगायची तर उजव्या बाजूचा कपाळामागचा खालचा भाग, मधल्या रेषेजवळचा, हालचालींच्या आखणीतला प्री-एसएमए आणि खोलवरचा सबथॅलॅमिक न्यूक्लियस ही नावं पुन्हापुन्हा येतात. २००३ मध्ये ॲडम ॲरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उजव्या खालच्या फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या याच, भागाला जितकी जास्त इजा, तितका त्या रुग्णांचा एसएसआरटी जास्त. सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडे कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून, थेट तारा जातात, स्ट्रायटम या मधल्या केंद्राचा वळसा न घेता, म्हणून निरोप लवकर पोचतो. उंदरांमध्ये असं दिसलंय की थांबायचा संकेत आला की हे केंद्र दर वेळी चेततं, थांबणं जमो वा न जमो. पुढच्या केंद्रात मात्र थांबणं जमलं तरच फरक दिसतो. निरोप जातो, पण वेळेत उतरेलच असं नाही.

हा ब्रेक ठोकळ असतो. बोट थांबवायला सांगितलं तरी पायाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मार्गाची उत्तेजकता क्षणभर घटते. दोन्ही हातांनी एकदम दाबायचं आणि संकेतावर फक्त उजवा हात थांबवायचा असं सांगितलं तर डावा दाबतो, पण पन्नास-शंभर मिलिसेकंद उशिराने. जणू सगळं थांबवून मग अर्धं पुन्हा सुरू करावं लागतं. कोणता हात थांबवायचा ते आधी कळलेलं असेल तर हा उशीर कमी होतो. टायपिंगमध्येही लोगन यांनी १९८२ मध्ये पाहिलं होतं की सराईत टंकलेखक थांबायला सांगितल्यावर एक-दोन अक्षरांत थांबतात, शब्द पुरा व्हायची वाट पाहत नाहीत. चालणाऱ्याला मात्र अचानक थांबायला आणखी पाऊलभर जावं लागतं, कारण तिथे निरोपाच्या जोडीला शरीराचा वेगही जिरवायचा असतो.

डोळे याहून चपळ. नजर वळवायची तयारी असताना ती रोखायला माणसाला आणि माकडाला साधारण १०० ते १५० मिलिसेकंद लागतात. १९९० च्या दशकात डग हेन्स आणि जेफ्री शॉल यांनी माकडांत हे तपासलं. नजर वळवणाऱ्या फ्रंटल आय फील्ड या मेंदूच्या भागातल्या हालचालीच्या पेशींचा जोर एसएसआरटी संपायच्या आत ओसरायला लागतो, असं त्यांना दिसलं. शर्यतीचं गणित पेशींच्या पातळीवर इतकं नीट बसल्याचं उदाहरण क्वचितच सापडतं.

गो-नोगो म्हणजे हे नव्हे

गो-नोगो ही दुसरी एक सोपी चाचणीही थांबण्याची चाचणी म्हणून खपवली जाते. हिरवं दिसलं तर दाबा, लाल दिसलं तर दाबू नका. इथे लाल दिसेपर्यंत काही सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे निघालेली हालचाल रद्द करावी लागत नाही. हिरवं आणि लाल निम्मंनिम्मं असेल आणि ट्रायल सावकाश येत असतील तर ही चाचणी निव्वळ ओळखण्याची उरते. वापरायचीच असेल तर लाल २० टक्के किंवा कमी ठेवा आणि ट्रायल दीड सेकंदाच्या आत येऊ द्या, म्हणजे दाबायची सवय तरी तयार होते.

बीपच्या चाचणीलाही अशीच एक शंका चिकटलेली आहे. बीप दुर्मिळ असते. दुर्मिळ आणि अनपेक्षित आवाजाने थांबायला न सांगताही हालचाल क्षणभर दबते. मग आपण मोजलं ते थांबणं की नुसतं चमकणं? हे सोडवायला तिसऱ्या प्रकारचे ट्रायल घालतात: तेवढेच दुर्मिळ, पण वेगळ्या सुराचे, आणि सूचना ‘याकडे दुर्लक्ष करा, दाबत राहा’. एवढ्याने काम अवघड होतं आणि काही जण दोन्ही सुरांना आधी थांबून मग विचार करतात, त्यामुळे त्यांचा एसएसआरटी पूर्वीच्या अर्थाने काढता येत नाही. मेंदूचे फोटो काढायचे असतील तर हे ट्रायल हवेतच. फक्त एसएसआरटी हवा असेल तर घालू नयेत. आणि ज्यांना बीप ऐकूनही थांबायची प्रक्रिया सुरूच होत नाही, लक्ष दुसरीकडे होतं म्हणून, त्यांचे ट्रायल साध्या हिशेबात मंद थांबणं म्हणून नोंदले जातात. त्यांना वेगळं काढणारी बेझियन (संभाव्यतेवर आधारलेली) प्रतिमानं आता उपलब्ध आहेत, फक्त त्यांना ट्रायल बरेच जास्त लागतात.

एसएसआरटीचा आणि ‘तुम्ही उतावळे आहात का’ अशा प्रश्नावलीचा संबंध फार दुबळा निघतो. पेटी उघडून दुसरी मिठाई न घेणं आणि २०० मिलिसेकंदांत बोट आवरणं यांना ‘संयम’ हे एकच नाव पडलंय खरं, पण एखाद्याचा एसएसआरटी २६० आला म्हणून त्याला स्वतःवर ताबा नाही असा शेरा अहवालात लिहू नये.